पेटीतली हत्यारं

आज दुपारी आमच्या मराठी सुताराने जाताना विचारलं, "ताई, हत्यारं इथेच ठेवू का?" पिशवीतून रंधा, पटाशी डोकावत होती. तेलाचा वास आला आणि मी वीस वर्षं मागे, इथल्याच कोर्टात जाऊन पोचले.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणारे महादेवराव माझे अशील होते. कारखान्यातल्या त्यांच्या पेटीत बेकायदा पिस्तूल सापडलं होतं. ते दुसऱ्याच कुणी ठेवलं, एवढाच आमचा बचाव. न्यायाधीशांनी गुजरातीत विचारलं, "पेटीमांनां हथियार तमारां?"

"हो साहेब, सगळी माझीच," महादेवराव ताठ मानेने म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकले. "कबूल कशाला केलंत?"

ते गोंधळले. "माझीच आहेत ना, ताई. रोज तेल लावून ठेवतो."

मला तो निर्ढावलेपणा वाटला. पुढे मी खटला चालवला, पण त्यात मन नव्हतं. त्यांना शिक्षा झाली.

साहेब शस्त्राचं विचारत होते आणि महादेवराव आपल्या कानस-कॅलिपरचं सांगत होते, हे आज सुताराने दारात उभं राहून मला शिकवलं. त्या कोर्टात मराठी बोलणारी त्यांची अशी मी एकटीच होते.