ओला चमचा

कचोरी हातात आली की काकू ती आधी अंगठ्याने फोडायच्या, नाकाशी न्यायच्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, "लिव."

अकोल्यात जठारपेठेत आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. कूलरमधल्या वाळ्याचा वास, लग्नातल्या बँडचा सूर, माझ्या नव्या ब्लाउजची बाही, सगळ्यावर त्यांचं मत तयार असे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण काकूंची मतं फोनवर जात. दुकानाच्या नावाखाली लोक रिव्ह्यू लिहितात ना, तिथे. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून मी शाळेतून आले की ते काम माझं.

सुरुवात सूडातून झाली होती. काकू आंब्याचं लोणचं करून विकत. कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याच्या दुकानात त्यांच्या बरण्या असत. एकदा एका गिऱ्हाइकाला बुरशी दिसली. दुकानदाराने भरल्या दुकानात बरणी कचऱ्याच्या डब्यात उलटी केली आणि म्हणाला, घरच्या बायकांच्या मालाचा काय भरोसा. काकू समोरच उभ्या होत्या. तोच कचोरीसोबत लोणचं वाढायला पाण्यातला चमचा तसाच बरणीत घालायचा, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्या वर्षी गल्लीतल्या कुणीही त्यांचं लोणचं घेतलं नाही.

मग दर शनिवारी त्या स्वतः तिथून कचोरी आणून मला लिहायला सांगू लागल्या. चटणी कालची. तेल काळं. आणि शेवटी न चुकता, चमचा ओलाच. मी एकदा जरा तिखटमीठ लावून लिहिलं, तर त्यांनी सगळं पुसायला लावलं. "खोटं एक अक्षर नको. खोटं लिवलं तं तो सुटते."

दोन वर्षांनी दुकानदार घरी आला. गिऱ्हाईक तुटलं होतं. हात जोडून म्हणाला, "काकू, तेवढं काढून टाका."

काकूंनी त्याला पाणी दिलं, फोन त्याच्या हातात ठेवला. "यातलं जेवढं खोटं हाये तेवढं दाखवा. आत्ताच काढते."

तो बराच वेळ वाचत राहिला. मग फोन काकूंना परत दिला.

"मंग असं करा. लोनचं तुमच्या चमच्यानं खराब झालं, येवढं भरल्या दुकानात सांगा."

"गिऱ्हाइकापुढं कसं सांगू?"

"माही बरनी गिऱ्हाइकापुढंच उलटी केली ना?"

तो उठून गेला. सांगितलं मात्र त्याने कधीच नाही. दुकान तेवढं सुधारलं.

शेवटच्या आजारात काकूंनी एकदा मला तिथली कचोरी आणायला पाठवलं, चमचाही नीट बघून यायला सांगितलं. नेहमी अर्धी ठेवायच्या, त्या दिवशी पूर्ण खाल्ली. लोणचं बोटाने चाटलं.

"लिव. कचोरी गरम. तेल ताजं. चमचा कोरडा. पाच तारे."

मी लिहिलं आणि पाठवायला बोट उचललं.

"राहू दे. टाकू नको."

"पण खरं आहे ना, काकू?"

"खरंच हाये. पन त्याले वाचाले भेटलं नाई पायजे."

पंधरा दिवसांत काकू गेल्या.

परवा कचोरी बांधता बांधता दुकानदाराने खाली मान घालून विचारलं, काकूंनी जाण्याआधी दुकानाबद्दल काही लिहिलं होतं का.

मी म्हटलं, "नाही."