तिसऱ्या खांबाची भेग

आमच्या गावाचं शहर झालं ते रेल्वेमुळं. नदीकाठी आधी नुसता होड्यांचा धक्का होता. पूल झाला, रूळ आले, मग ओतकामाचा कारखाना, कागदाची गिरणी असं एकेक उभं राहत गेलं. रेल्वेच्या चावीवाल्याच्या आजोबांनी त्या पुलाचे दगड वाहिले होते. तो स्वतः एकतीस वर्षं खांद्यावर हातोडा टाकून रोज सहा किलोमीटर रूळ चालला, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की ठोकत. बायको म्हणायची, "रुळांचं दुखणं ह्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. माझं मात्र बोलून दाखवावं लागतं."

एका उन्हाळ्यात नदी आटली आणि तिसऱ्या खांबाच्या बुडाशी त्याला भेग दिसली. चार बोटं सहज आत जात होती. त्यानं वरिष्ठांना लेखी कळवलं. उत्तर नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कळवलं. तिसऱ्या वर्षी "पाहणी करण्यात येईल" एवढी एक ओळ आली, आणि पाहायला कुणी फिरकलं नाही.

चौथ्या वर्षी एका सकाळी पुलावरचा रूळ त्याला अंगठाभर खचलेला दिसला. कोळशाची गाडी तेवढ्यात वळणावर आली होती. त्यानं लाल झेंडा काढला आणि गाडीसमोर धावत सुटला. गाडी पुलाच्या तोंडाशी थांबली.

मग मात्र दोन इंजिनिअर आले. मापं घेतली, फोटो काढले. त्यातल्या थोरल्यानं चावीवाल्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं बरोबर होतं हो." त्या दिवशी चावीवाला घरी शीळ घालत आला.

तीन आठवड्यांनी स्टेशनच्या फळ्यावर कागद लागला : पूल धोकादायक, दुरुस्ती शक्य नाही, मार्ग कायमचा बंद. चावीवाल्यानं तो दोनदा वाचला. त्यानं दुरुस्ती मागितली होती. महिन्याभरात पुलावरचे रूळही उचलून नेले.

ट्रकनं कोळसा आणणं कारखान्याला जमेना. आठ महिन्यांत भट्टी विझली. त्याचा धाकटा भाऊ तिथं साचे घडवायचा. तो एक दिवस घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"दादा, झेंडा दाखवायची एवढी काय घाई होती?"

"अरे, गाडी नदीत गेली असती."

"चार वर्षांत गेली नव्हती ना?"

"मग मी काय पडायची वाट बघत बसायचं?"

भावानं मान खाली घातली. "मला काय माहीत. मला फक्त एवढंच कळतं की माझं काम गेलं."

न्हाव्याच्या दुकानात आधी थट्टा व्हायची. "या, लाईन बंद करणारे साहेब आले!" पुढं थट्टाही थांबली. तो आत शिरला की गप्पा तुटायच्या. सगळ्यांना धरून समजवावं असं त्याला वाटायचं, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचायचं नाही. भाऊ बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या शहरात गेला. बसनं गेला, दुसरं काही उरलंच नव्हतं.

दोन वर्षांनी नदीला मोठा पूर आला. भर दुपारी, काठावर माणसं उभी असताना, तिसरा खांब कण्हल्यासारखा आवाज करून कलला आणि पाण्यात गेला. चावीवाला गर्दीतच होता. आता तरी कुणी त्याच्याकडे बघेल असं त्याला वाटलं. शेजारचा गिरणीवाला म्हणाला, "रूळ उचलले ना, म्हणून पडला. वर वजन होतं तोवर दाबून बसला होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चावीवाला गर्दीतून बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं भावाला फोन लावला.

"तिसरा खांब गेला रे आज. पुरात."

भाऊ म्हणाला, "बरं." आणि पुढं, "दादा, इथं नळाला पाणी आलंय, भरून घ्यायचंय. ठेवतो."

बायकोनं विचारलं, "काय म्हणाले भावजी?"

"कामात होता," तो म्हणाला, आणि ओले झालेले बूट काढायला खाली बसला.