मागून धावणारं काळीज

माझ्या मावसबहिणीइतकं रागीट माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात झालं नसेल, आणि तिच्या प्रत्येक रागात मी तिच्याच बाजूने होतो. बोरीत वाढलेली ही पोर लहानपणीच चेन्नईला जाऊन दुसऱ्याचं हृदय बसवून आली आणि गाव तिला काचेच्या बरणीसारखं जपू लागलं. तिने कळशी उचलली की कुणीतरी हिसकावून घेई. एका पाहुणीने तर विचारलं, "आधी ज्याचं व्हतं, त्याच्या आवडीचं खावंसं वाटतं का गं?" ही म्हणाली, "खायाचं म्हाईत न्हाई, पण आगाव मान्सं त्याला बी आवडत नसावीत." अशा हृदयाला मेंदूकडून येणाऱ्या नसा जोडलेल्या नसतात. त्यामुळे ते सावकाश वेग घेतं आणि माणूस थांबला तरी बराच वेळ धावत राहतं. भांडण संपून समोरचा घरी जेवायला बसला की हिची छाती धडधडू लागे. मग तेवढी धडधड वाया कशाला घालवायची म्हणून ही पुन्हा त्याच्या दारात!

शिवजयंतीला आमची पोरं शिवनेरीवरून पेटती ज्योत पळत गावात आणतात. कॉलेजात गेल्यावर हिलाही ज्योत घेऊन पळायचं होतं. डॉक्टरांनी हो म्हटलं. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टरांपेक्षा मोठे. "ताई, तुमी येशीपाशी खुर्चीवर बसा. ज्योत आली की उठून चार पावलं पळा. फोटू बी लई भारी येईल." ही कडाडली, "बसल्याजागी उठून पळायचं तेवढंच मला जमत न्हाई! आधी चालू द्या, मग कितीबी पळवा." अध्यक्ष हसले आणि खुर्ची पुसून ठेवायला सांगितली. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. माणसाचं भलं करायला निघालेले लोक त्याचं ऐकून का घेत नाहीत?

त्या सकाळी खुर्ची रिकामीच राहिली. ही ज्योतीच्या वाटेने उलट दिशेला चालत निघाली होती आणि मी सायकलवर मागे, अध्यक्षांच्या नावाने बोटं मोडत. चालून चालून तिचं काळीज तापलं, तेवढ्यात समोरून पोरं आली. हिने ज्योत घेतली, वळली आणि पळत सुटली, ती थेट वेशीतून आत, खुर्चीला मागे टाकून पुढे. अध्यक्ष हार हातात धरून तसेच उभे.

पोरं पारावर आडवी झाली. त्यांचे श्वास जागेवर आले, चहा सुरू झाला. ही मात्र गुपचूप त्याच खुर्चीवर येऊन बसली होती. चेहऱ्यावर राग औषधालाही नव्हता. मी घाबरून नाडी पाहिली. ती अजून धावतच होती.

"ऱ्हाऊ दे, दादा," ती हळूच म्हणाली. "ज्याचं व्हतं, त्याचं पळायचं ऱ्हायलं असंल. पळू दे त्याला."

ते काळीज शांत होईपर्यंत मी तिचं मनगट धरून बसून राहिलो.