ठेवायचा की परत पाठवायचा

"हा मुलगा काय करतो?"

इंदूआत्या मोहिते माझ्या लायब्ररीत पहिल्यांदा आल्या, तेव्हा बाकावर टेकायच्या आधीच त्यांनी हा प्रश्न विचारला. दांडिया बाजारातल्या माझ्या एवढ्याशा खोलीत त्या वेळी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. इंदूआत्या म्हणजे बडोद्यातल्या मराठी घरांची लग्नं जुळवणारी बाई. हे सगळ्या गल्लीला ठाऊक असल्यामुळे मी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "लायब्ररी चालवतो, आत्या. कॉमिक्स भाड्याने देतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोरीला चिमट्याने लटकवलेल्या नव्या अंकाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तू नाही रे. हा. विजेच्या तारेला लोंबकळतोय तो."

तो तडितवीर होता. दिवसा तो एका कचेरीत कारकून असतो आणि संकट आलं की अंगातून वीज सोडतो, असं मी सांगितलं. "म्हणजे नोकरी आहे. बेस. घरी कोण असतं?" घरी कोणी दाखवलेलं नाही, असं मी म्हटल्यावर त्यांनी अंक काढून घेतला, बाकावर बसून पदराने चष्मा पुसला आणि अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. उन्हं उतरेपर्यंत सावलीला बसायचं म्हणून त्या आत आल्या होत्या, पण उठताना मत देऊन गेल्या: "मुलगा कर्तबगार आहे, पण दमून आला तर पाण्याचा तांब्या पुढे करायला कोणी नाही. असा माणूस चिडका होतो. बघ तू, पुढे चिडका होणार." पुढच्याच अंकात तडितवीराने विनाकारण एक पूल पाडला.

तेव्हापासून दर शनिवारी त्या यायला लागल्या. लहरीपुऱ्यातल्या घाऊक विक्रेत्याकडून शनिवारी दुपारी नव्या अंकांचा गठ्ठा यायचा, बहुतेक हिंदी, थोडे गुजराती. न आवडलेले अंक दोन-तीन दिवसांत परत पाठवायची सोय होती. केबल टीव्ही घरोघर शिरत होता, वाचणारे कमी होत चालले होते आणि फळ्या भरून ठेवायची माझी ऐपत नव्हती. त्यामुळे ठेवायचा कोणता आणि परत पाठवायचा कोणता, हा माझा दर आठवड्याचा घोर होता. तो घोर आत्यांनी आपणहून डोक्यावर घेतला. त्या एकेक अंक वाचून दोन वाक्यं बोलायच्या, मी ती दारातल्या पाटीवर खडूने लिहायचो आणि संध्याकाळी कॉलेजची मुलं, वाघोडियाच्या कारखान्यांतून परतणारी माणसं पाटीपुढे उभी राहून हसायची. अर्धी गिऱ्हाइकं पाटी वाचायलाच येत असावीत.

आत्यांची तपासायची रीत एकच. लोहपंखाबद्दल त्या म्हणाल्या, "अंगरखा दर पानावर फाटतो, पुढच्या पानावर शिवलेला असतो. शिवतं कोण, ते लपवलंय. लपवाछपवी नको, परत पाठव." सात दरवाजांच्या राज्याची एक अद्भुत मालिका होती, तिच्याबद्दल: "राजकन्या दर अंकात पळवली जाते, म्हणजे एकाही दरवाजाला धड कडी नाही. अशा घरी मुलगी देऊ नये. चित्रं छान, ठेव." पाताळातून येणाऱ्या एका खलनायकावर तर त्या खूश होत्या. "ह्याच्याकडची माणसं बघ, पहिल्या अंकापासून तीच आहेत. माणसं टिकतात म्हणजे आत काहीतरी बरं असणार. खरं ने?" त्यांच्या बडोदेकर बोलण्यात "ना"चा "ने" व्हायचा. आणि नव्या मालिकेचा पहिला अंक आला की त्या तो बाजूला ठेवायच्या. "पहिल्या अंकावर मी मत देत नाही. पहिल्या अंकात सगळे नटूनच येतात. दुसरा येऊ दे."

आता माझं. माझी तिशी उलटली होती. चांगली कारखान्यातली नोकरी सोडून चित्रांची पुस्तकं भाड्याने देत बसलेल्या माणसाला मुलगी कोण देणार, या काळजीने आईची झोप उडाली होती. इंदूआत्यांचे सासरे संस्थानच्या पागेत होते. त्या काळापासून ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर, सगळीकडे त्यांच्या ओळखी. आमच्या गल्लीतल्या तोतऱ्या मुलाचं त्यांनी जमवलं, टकल्याचं जमवलं, रात्रपाळीवाल्याचंही जमवलं. माझ्या दुकानात दर शनिवारी तीन-चार तास बसणाऱ्या या बाईंनी माझ्यासाठी मात्र एकही स्थळ आणलं नाही. आई वाटीभर श्रीखंड घेऊन दोनदा त्यांच्याकडे जाऊन आली. "बघतेय, वहिनी," एवढंच उत्तर मिळालं. मला वाईट वाटायचं. एकटं राहायची मला भीती वाटत होती आणि ती मी कोणाला सांगत नव्हतो.

निघताना आत्या एक अंक घरी न्यायच्या, बहुधा जादूटोण्याचा किंवा परीराज्याचा. त्यावरचं मत त्या पुढच्या शनिवारी सांगायच्या, आणि ते मत वेगळंच असायचं. त्यात घर, नोकरी, सासर काही नसे. "नायक हरतो ते पान परत काढून बघ. चित्रकाराने त्याचा चेहरा दाखवलेलाच नाही, फक्त चपला दाखवल्यात." किंवा, "ही चेटकीण वाईट नाही, तिला कंटाळा आलाय." मी चकित व्हायचो आणि पाटीवर लिहायचो. मग आत्या सहज विचारायच्या, "तुला काय वाटलं रे?" मी काही सांगायला लागलो की गल्लीत कोणाचं ऐकून न घेणारी ही बाई मान खाली घालून ऐकायची, मधेच थांबवून म्हणायची, "परत सांग, नीट." मला वाटायचं, वय झालंय, कमी ऐकू येत असेल.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीच अधू होता, त्यामुळे डॉक्टरांनी वाचन पूर्ण बंद केलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर काळा चष्मा, अशा थाटात आत्या शनिवारी येऊन बसायच्या आणि मी त्यांना मुखपृष्ठांचं वर्णन करून सांगायचो. पाटी ओस पडली. घरी न्यायचा अंक तेवढा त्यांनी सोडला नाही, "हातात असलेला बरा" म्हणून घेऊन जायच्या. एका शनिवारी तो परत देत त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "त्या तरंगत्या शहराच्या पानावर आभाळ हिरवं का रंगवलंय, ते सांग बघू."

मी पान काढलं. आभाळ खरंच हिरवं होतं. मी त्या पट्टीकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं.

"आत्या, तुम्हाला हे दिसलं कसं?"

त्यांचे ओठ हलले, हसू दाबल्यासारखे.

"तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवतं. नाही, ही मतंच त्या माणसाची आहेत. चपलांचं, चेटकिणीचं, सगळी. कोण आहे?"

"पकडलंस ने शेवटी," आत्या म्हणाल्या आणि काळा चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. "मला वाटलं होतं, दिवाळीच्या आधीच पकडशील. आता होळी आली."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. आत्यांच्या वरच्या मजल्यावर शालिनी नावाची मुलगी आईबरोबर राहायची. वाघोडियाच्या औषधांच्या कारखान्यात कामाला, सकाळी कंपनीच्या बसने जायची, दिवेलागणीला परतायची. तिचं ठरलेलं लग्न एकदा साखरपुड्यानंतर मोडलं होतं आणि त्यानंतर पोह्यांच्या बशा घेऊन कोणापुढे यायचं नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. ते अंक तिच्याकडे जात होते. तिची मतं माझ्याकडे येत होती, माझी तिच्याकडे. इतके महिने आमचा बघण्याचा कार्यक्रम चालू होता आणि तो मला ठाऊक नव्हता.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. मला राग आला होता.

"तू विचारलं नाहीस." आत्यांचा आवाज बदलला. "घरी नेलेल्या अंकाबद्दल ही बाई वेगळ्याच तोंडाने बोलतेय, हे तुला कळत होतं. लिहीत होतास पाटीवर. पण कोण बोलतंय हे विचारावंसं वाटलं नाही. तिने तर तिसऱ्याच आठवड्याला विचारलं, आत्या, हे म्हणणारा कोण आहे. मी म्हटलं, थांब, त्याला विचारू दे. ज्याला विचारावंसं वाटत नाही, त्याच्या घरी मुलगी देऊन काय करायचं?"

मग त्या जे बोलल्या, ते त्यांनी पूर्वी कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. "मला एका बैठकीत पसंत केलं होतं, विनू. आमच्या ह्यांनी कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण इंदू, तुला काय आवडतं, असं मरेपर्यंत एकदाही विचारलं नाही. छपाई चांगली होती. आत मजकूर नव्हता." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "म्हणून मी पहिल्या अंकावर मत देत नाही. चाल, आता ऊठ. ती आली असेल बसने. आभाळाचं तूच विचार तिला."

मी तो अंक हातात घेऊन, दुकानाला कुलूप न लावताच निघालो. शालिनी आत्यांच्या घराच्या जिन्यात भेटली, खांद्याला डब्याची पिशवी, कपाळावर घाम. मी कोण हे मी सांगायच्या आधीच ती माझ्या हातातला अंक पाहून म्हणाली, "आभाळ हिरवं का?" मी म्हणालो, छापताना पिवळी शाई सांडली असेल. ती इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मग म्हणाली, "नाही. त्या शहरातल्या लोकांना झाडं आठवत असतील." आम्ही जिन्यातच बोलत उभे राहिलो आणि तिच्या आईने वरून दोनदा हाक मारली.

लग्नात आत्या पट्टी काढून, इंदुरी साडी नेसून मिरवल्या. जो तो त्यांना विचारायचा, "काय आत्या, जोडा कसा आहे?" त्या हात झटकायच्या. "पहिलाच अंक आहे. मत नाही." पुढे दर दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो की मी मुद्दाम विचारायचो, "आत्या, आता तरी सांगा, ठेवायचा की परत पाठवायचा?" आणि त्या म्हणायच्या, "वाचतेय अजून." लायब्ररी बंद झाली, तिथे मी झेरॉक्सचं मशीन टाकलं, आमची मुलगी शाळेत जायला लागली, तरी उत्तर तेच.

शेवटच्या आजारपणात त्या अंथरुणाला खिळल्या. शालिनी रोज वरच्या मजल्यावरच्या आपल्या आईकडे जाताना त्यांच्याकडे थांबायची, आमच्या घरी जपून ठेवलेल्या जुन्या अंकांतला एखादा वाचून दाखवायची, आणि त्या डोळे मिटून "आता तो आईला भेटायला जाईल बघ" असे अंदाज बांधायच्या. एका रविवारी आम्ही दोघं गेलो होतो. आवाज क्षीण झाला होता, पण माणूस शाबूत होता. मी त्यांचा हात हातात घेऊन नेहमीसारखी गंमत केली, "आत्या, आता तरी मत द्या. ठेवायचा की परत पाठवायचा?"

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "मला काय विचारतोस इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या. "तिला विचार ने."

माझा हात त्यांच्या हातातच राहिला. जिन्यातल्या त्या संध्याकाळनंतर मी शालिनीला हजार गोष्टी विचारल्या होत्या. बाजारातून काय आणू, मुलीची फी भरली का, दार लावलंस का. हे विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे वळलो. ती मांडीवर अंक उघडा ठेवून माझ्याकडेच पाहत होती.

"ठेवायचा?" मी विचारलं.

"वाचतेय अजून," शालिनी म्हणाली, आणि अंथरुणावर आत्या आवाज न करता हसायला लागल्या.