काकांच्या गॅरेजमधलं लग्न

सगळ्या ह्यूस्टन परिसरात धर्मस्वातंत्र्यावरून लोकांना आमच्या काकांइतकं छळणारा माणूस दुसरा नसेल. मी नोकरीसाठी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आलो तेव्हा ते माझे शेजारी. रिफायनरीत इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. काका लहान असताना त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ‘आपला धर्म आपण निवडायचा’ हे तेव्हापासून त्यांच्या अंगात भिनलेलं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये पुलाव वाढून घेणाऱ्याला ते अडवायचे, “तू तुझा धर्म निवडलास, की मिळाला म्हणून ठेवलास?” पुलाव गार व्हायचा. दारोदार बायबल घेऊन फिरणाऱ्या पोरांना बाकीचे टाळायचे. काका त्यांना आत बोलावून, चहा पाजून वादात इतकं दमवायचे, की शेवटी ती पोरंच आमची गल्ली चुकवायला लागली.

शनिवारी ते बौद्ध पद्धतीने लग्नं लावत. विधी छोटा, काकांचं भाषण मोठं. एका वधूपित्याने वैतागून ऐन उन्हाळ्यात एसी बंद केला. काका घाम पुसत बोलतच राहिले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला, की लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्रीच. त्याच सुमारास काकांच्या जिवलग मित्राची मुलगी त्यांच्याकडे आली. आई लहानपणीच गेलेली, काका-काकूंच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आता डॉक्टर. सोबत तिची अमेरिकन मैत्रीण.

“काका, आमचं लग्न लावाल? प्लीज.”

काका म्हणाले, “मला जरा वेळ दे, बेटा.” पुढचे काही दिवस ते इतके शांत होते, की काकूंनी मला हळूच विचारलं, “ऑफिसात काही झालं का रे?” मग एका सकाळी कुंपणापाशी येऊन ते म्हणाले, “सरकार त्यांना लग्नाचं लायसन्स देणार नाही. पण वंदना म्हणायला लायसन्स कुठे लागतं?”

इथल्या मराठी मंडळाने लग्नासाठी हॉल नाकारला. मी भडकलो, तर काका मलाच रागावले. “त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे. मला हो म्हणायचा आहे. चल, गॅरेजमधलं गवत कापायचं मशीन बाहेर काढू लाग.”

मित्राचा फोन आला. “कायद्यात बसत नाही ते लग्न कसलं? माझ्या पोरीला नादी लावतोस तू.”

“आपल्या बापांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनाही नातेवाईक असंच बोलले होते,” काका म्हणाले. पलीकडून फोन आपटला गेला.

गॅरेजमध्ये उकाडा मरणाचा. पंखा लावला की मेणबत्त्या विझायच्या, म्हणून पंखा बंद. दोघी पांढऱ्या साड्यांत. प्रतिज्ञा वराची वेगळी, वधूची वेगळी. तिथे काका अडखळले. क्षणभर थांबून म्हणाले, “दोघीही दोन्ही म्हणा.” आईवडिलांच्या जागी काकू उभ्या राहिल्या. भाषण झालंच नाही. काकांनी सरळ जाऊन पंखा लावला.

त्यानंतर लग्नांची बोलावणी जवळजवळ थांबली. काकांनी कुणाला दोष दिला नाही, पण शनिवारी त्यांना काय करावं ते सुचेना. मग मीच त्यांना किराणा आणायला घेऊन जायचो. तिथेच एकदा थंडीत तो मित्र ट्रॉली ढकलत समोर आला. वळून जाईल असं वाटलं, पण थांबला. कोथिंबिरीची जुडी उगाच उलटीपालटी करत राहिला.

“साडी नेसली होती का रे ती?”

“हो. आमच्या हिनेच नेसवली.”

“आईसारखी दिसली असेल.”

“अगदी,” काका म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या ट्रॉलीवर हात ठेवला.