साडूभाऊंचं बोलकं यंत्र

जुनं झालं म्हणून एखाद्याला टाकून देता येतं, ही गोष्टच ज्याच्या डोक्यात कधी शिरली नाही, असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. श्रीरामपुरातलं त्याचं घर म्हणजे निवृत्तांचं विश्रामधाम! काड्या मोडलेल्या छत्र्या, घसा बसलेले रेडिओ, कान तुटलेल्या कपबश्या. मेथीची जुडी आणायला बाजारात धाडावं, तर हे महाशय बंद पडलेला पंखा काखोटीला मारून परत यायचे. "अहो, हवा येईना झालीय त्याची, पण फिरायची हौस बघा," म्हणून वर आम्हालाच दाखवायचे. माझी मेहुणी कपाळाला हात लावायची आणि मेथीशिवाय स्वयंपाक करायची.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला साखर कारखान्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. हे कारखान्याच्याच स्टोअरमध्ये कामाला, तेव्हा लिलावात बोली लावणारे तेवढे एकटेच होते. यंत्र जुनं, त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम त्याहून जुनी. जगात कुठेकुठे काही भली माणसं प्रोग्रॅम लिहून उघड्यावर ठेवतात, कुणीही घ्यावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा, असं त्यांना कुठूनसं कळलं होतं. मग काय! एस.टी.ने पुण्याला जायचे आणि तिथल्या कॉलेजातल्या पोरांकडून असले प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून जेवणाच्या डब्यातून आणायचे. पण नुसतं आणून भागत नाही. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून द्यायला कंपायलर नावाचा दुभाष्या लागतो, आणि साडूभाऊंचा दुभाष्या यंत्राइतकाच म्हातारा. नव्या वळणाचं लिखाण त्याला उमगायचंच नाही. पडद्यावर चुकांची रांग लागायची. साडूभाऊ चिडायचे नाहीत. "अहो, थांबा हं, सोपं करून देतो," असं त्या दुभाष्याला अदबीने म्हणत एकेक ओळ जुन्या वळणाने लिहून काढायचे. "मला जन्मात कधी अहो म्हणालात का?" असं मेहुणीने आतून विचारलं, की ओठातल्या ओठात हसायचे.

हे यंत्राच्या भाषेत उतरवणं चालू झालं, की दुपार दुपार संपायचं नाही. मध्येच व्होल्टेज पडलं तर सगळं मुसळ केरात! म्हणून दाराच्या खुंटीला तांबडं फडकं लागायचं. फडकं दिसलं, की गल्लीतल्या बाया मिक्सर बंद करायच्या, इस्त्रीवाला इस्त्री उचलून ठेवायचा. समोरचा चक्कीवाला तेवढा ओरडायचा, "आवो भाऊसाहेब, लई येळ झाला की! बाया दळान घेऊन बसल्यात हितं!" पण चक्की सुरू करायचा नाही. कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत राहायचा, फडकं वाऱ्यावर हलायचं, आणि सगळी गल्ली पेंगुळल्यागत गप्प बसायची. मलासुद्धा तिथे बसल्या बसल्या डुलकी लागायची.

त्याच सुमाराला आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, आवाज गेला. आयुष्यभर त्यांनी एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारल्या होत्या. त्यांनी "नेवासा!" म्हटलं, की शिर्डीला निघालेला माणूससुद्धा क्षणभर वळून बघायचा. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो गळा कायमचा मिटला. आम्ही त्यांना पाटी-पेन्सिल दिली. पण मामींना अक्षर येत नव्हतं. मग नात वाचून दाखवायची, आणि नवराबायकोचं बोलणं नातीच्या तोंडून कसं व्हायचं? मामांनी पाटी ठेवून दिली. भूक लागली तरी टाळी, राग आला तरी टाळी. खाण्यापिण्यावरची वासनाच उडत चालली त्यांची. एक दिवस मामी साडूभाऊंपुढे बसून म्हणाल्या, "पाव्हनं, मानूस घरात हाय, आन् घर मुकं झालंय."

दुसऱ्याच दिवशी साडूभाऊ रजा काढून पुण्याला गेले आणि लिहिलेलं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम डब्यातून घेऊन आले. "अहो, या म्हाताऱ्या यंत्राला काय बोलता येणार?" मी म्हणालो. "त्याला नवीन कळत नाही असं नाही," ते म्हणाले, "त्याच्या भाषेत सांगावं लागतं, एवढंच." तो अख्खा उन्हाळा तांबडं फडकं खुंटीवरच होतं. काम शेवटाला आलं, की हटकून वीज जायची. मामा इकडे वाळत चालले होते, आणि मला मनातून वाटायचं, आता यंत्र आधी बोलतं की मामा आधी जातात. साडूभाऊ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

शेवटी ते उतरलं. जुन्या रेडिओचा स्पीकर यंत्राला जोडला होता. कॅलेंडरातली अक्षरं कापून एकेका बटणावर चिकटवली होती. मामा येऊन बसले. आता "नेवासा" ऐकायला मिळणार म्हणून चक्कीवालासुद्धा दारात उभा राहिला. मामा एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागले. स्पीकर खरखरला आणि सर्दी झालेल्या परदेशी पाहुण्यासारखा एक आवाज म्हणाला, "यमुना."

"आत्ता गं बया! ह्यो कोन मला नावानं हाका मारतोय?" मामी दचकल्या. मग त्यांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर गावागावांची नावं पुकारणाऱ्या या माणसाने घरात "अगं ए"च्या पुढे मजल मारली नव्हती. "चारचौघांत नाव घेत्यात व्हय?" म्हणत मामी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. चक्कीवाला डोळे पुसत होता, साडूभाऊ स्पीकरची तार उगाचच ठीकठाक करत होते, आणि मला चक्क रडूच फुटलं, हे माझ्या बायकोने पुढे सगळ्या नात्यात सांगितलं. त्या दुपारी मामा पोटभर जेवले.

पुढची दोनेक वर्षं मामा दुपारी तिथेच येऊन बोलायचे, भांडायचे. मग मामा गेले. दरम्यान नवी, झगमगीत यंत्रं गावात आली, सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण साडूभाऊंनी ते धूड हलवलं नाही. मामी अधूनमधून येतात. काही मागत नाहीत, नुसत्या भिंतीला टेकून बसतात. साडूभाऊ उठून खुंटीला फडकं लावतात. समोरची चक्की थांबते. ते एका बोटाने एकेक बटण दाबतात. तो सर्दट, परका आवाज म्हणतो, "यमुना."

आणि मामी डोक्यावरचा पदर सावरून हळूच ओ देतात, "आले हो."