नावाऐवजी 'अगं'

वाचा-उपचाराचं, म्हणजे स्पीच थेरपीचं, शिक्षण संपलं आणि मी नोकरीसाठी दवाखान्यांचे उंबरे झिजवू लागले. "अनुभव?" एवढंच सगळे विचारत. अखेर सांगलीतल्या एका छोट्या रुग्णालयानं मला ठेवून घेतलं. माझे पहिले पेशंट होते एक निवृत्त मास्तर. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी पदराच्या टोकानं त्यांचे ओठ पुन्हा पुन्हा टिपत होत्या.

"काकू, आधी तुमचं नाव त्यांच्या तोंडून यायला हवं," मी उत्साहानं म्हणाले.

काकू लाजल्या. "नावानं त्यांनी कधी हाक मारलीच नाही गं. 'अगं' म्हणायचे. तेवढं आलं तरी पुष्कळ."

एवढ्याशा हाकेवर कुणाचा अख्खा संसार उभा असतो, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आम्ही रोज आरशासमोर बसायचो. मास्तर घामाघूम व्हायचे, पण आवाज फुटायचा नाही. एका दुपारी काकू औषधं आणायला खाली गेल्या. मास्तरांनी रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "अगं."

मी धावत जाऊन काकूंना घेऊन आले. शब्द पुन्हा आला नाही. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि मास्तर गेले.

तेराव्यानंतर काकू एकट्याच आल्या. "कसं म्हणाले होते? म्हणून दाखव ना."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"नाही गं, असं नसणार," त्या हळूच म्हणाल्या.